साच्यात बसलं म्हणजे बरोबर झालं का?

मागच्या वर्षी एका शाळेत आम्ही विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर नीट लावून द्यायला बसलो होतो. मुलं चारशेच्या आसपास. नावं, पत्ते ठीक होते. अडचण होती ती जन्मतारखांची. नोंदी पाच-सहा वर्षांत वेगवेगळ्या हातांनी केलेल्या. कुणी ५/६/२०१२ लिहिलं होतं, कुणी ०५-०६-२०१२, कुणी ५.६.१२, तर कुणी सरळ '५ जून २०१२'. आपल्या डोळ्यांना या चारही नोंदी सारख्याच. संगणकाला मात्र ती चिन्हांची चार वेगवेगळी माळ वाटते.

आम्ही 'ज्यूलिया' या संगणक-भाषेत चार-पाच ओळींची आज्ञावली लिहिली. तिला एक साचा दिला: काही अंक, मग तिरकी रेघ किंवा आडवी रेघ किंवा टिंब, मग अंक, पुन्हा तशीच एखादी खूण, पुन्हा अंक. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या तारखा दिवस, महिना, वर्ष अशा तीन रकान्यांत सुट्या झाल्या. '५ जून' सारख्या ज्या नोंदी साच्यात बसल्या नाहीत त्यांची वेगळी यादी निघाली. आम्ही खूश. तेवढ्यात वर्गशिक्षिका बाईंनी छापील यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अहो, ही मुलगी ३१ फेब्रुवारीला जन्मली होय?"

३१/०२/२०१३. साच्यात अगदी चपखल बसलेली तारीख, आणि असा दिवस कॅलेंडरात नाही!

साच्यात न बसलेल्या नोंदींनी आम्हाला त्रास दिला नाही, कारण त्या समोर आल्या. घोटाळा केला तो बसलेल्या नोंदीनं. संगणक साचे कसे जुळवतो, त्यासाठी वैज्ञानिक कामाच्या भाषेत कोणती साधनं आहेत आणि ती साधनं कुठे कमी पडतात, हे या लेखात पाहू. वर्गातल्या गणिताशी याचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

साचा म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात 'आकृतिबंध' असतात. २, ४, ६, ८... पुढची संख्या कोणती? तिथे उदाहरणं दिलेली असतात आणि नियम शोधायचा असतो. साचा जुळवण्याचं काम याच्या उलट आहे. नियम आपणच सांगायचा आणि समोरच्या ढिगात त्या नियमात बसणारं काय काय आहे ते संगणकानं शोधायचं.

साचा दोन कामं करतो. पहिलं ओळखण्याचं: ही नोंद बसते की नाही? दुसरं सुटं करण्याचं: बसत असेल तर तिचा कोणता भाग कुठे आहे? आमच्या तारखांचा साचा असा होता:

[०-९]+[-/.][०-९]+[-/.][०-९]+

चौकटी कंसाचा अर्थ 'यांपैकी कोणतंही एक चिन्ह'. [०-९] म्हणजे शून्य ते नऊमधला एक अंक. त्यापुढची अधिकची खूण सांगते, 'असा एक किंवा अधिक वेळा'. अधिकऐवजी तारा (*) लिहिला तर 'शून्य किंवा अधिक वेळा' आणि प्रश्नचिन्ह लिहिलं तर 'असेल किंवा नसेल'. एवढ्या तीन-चार खुणांवर हे तंत्र उभं आहे. अंकांच्या गटांभोवती साधे कंस घातले की संगणक ते तुकडे वेगळे काढून हातात देतो.

या खुणांची गोष्ट मज्जासंस्थेपासून सुरू होते. १९४३ साली वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशींच्या जाळ्याचं गणिती प्रतिमान मांडलं. असं जाळं कोणकोणत्या प्रकारच्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, हा प्रश्न स्टीफन क्लेनी या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञानं १९५१ साली हाती घेतला. ते क्रम लिहिण्यासाठी त्यानं जी बीजगणितासारखी पद्धत वापरली तिच्यातूनच हे साचे आले. तारा ही खूण आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. १९६८ साली केन थॉम्प्सननं असे साचे मजकुरात शोधण्याची संगणकी रीत प्रसिद्ध केली. १९७३ पर्यंत युनिक्स प्रणालीत 'ग्रेप' हे शोधयंत्र आलं आणि पुढे संगणकाला हात लावणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या कामात हे साचे शिरले.

ज्यूलिया आणि तिची साधनं

ज्यूलिया ही भाषा मुद्दाम वैज्ञानिक आकडेमोडीसाठी घडवली गेली. जेफ बेझनसन, स्टीफन कारपिन्स्की, अ‍ॅलन एडलमन आणि भारतीय संगणकशास्त्रज्ञ विरल शहा या चौघांनी २००९ साली कामाला सुरुवात केली, २०१२ साली ती जगापुढे ठेवली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. ती कुणालाही विनामूल्य वापरता येते. लिहायला सोपी आणि चालायला वेगवान, या दोन गोष्टी एकत्र आणणं हा तिचा हेतू. 'क्लिमा' हे हवामान-बदलाचं मोठं प्रतिमान याच भाषेत लिहिलं जात आहे.

आपल्या दृष्टीनं आणखी एक गंमत. या भाषेत चल-अक्षरांना देवनागरी नावं देता येतात. 'त्रिज्या' किंवा 'क्षेत्रफळ' असं नाव लिहिलं तर संगणक तक्रार करत नाही. आज्ञांचे मूळ शब्द तेवढे इंग्रजीच राहतात.

मजकुरातले साचे जुळवण्यासाठी ज्यूलियानं स्वतःचं यंत्र बनवलेलं नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझल यांनी १९९७ च्या सुमारास लिहिलेल्या एका लायब्ररीची नवी आवृत्ती ती वापरते. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे. कुणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञावल्यांचा तो संच असतो आणि आपण तो आपल्या कामाला जोडून घेतो. प्रयोगशाळेत तराजू आपण बनवत नाही, आणतो, तसंच.

मराठीच्या शिक्षकांनी इथे एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. साच्यात टिंब (.) लिहिलं की त्याचा अर्थ 'कोणतंही एक चिन्ह'. आता 'कि' या अक्षराला टिंबाचा साचा लावला तर काय जुळेल? फक्त 'क'! वेलांटी मागे उरते. कारण संगणकाच्या साठ्यात 'कि' ही दोन चिन्हं आहेत, 'क' आणि वेलांटी. 'क्षि' तर चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते संगणकाचं 'चिन्ह' नव्हे. हेझल यांच्या लायब्ररीत मात्रा-वेलांट्यांसकट तुकडा उचलणारी वेगळी खूण आहे, पण ती वापरायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

अंकांचंही तसंच. ज्यूलियात 'कोणताही अंक' अशी जी तयार खूण आहे तिच्यात देवनागरी ५ सुद्धा बसतो. पण तोच '५' आकडेमोडीसाठी संख्येत बदलायला सांगितला, तर भाषा नकार देते. तिला तिथे इंग्रजी अंकच लागतात. साचा म्हणतो 'हा अंक आहे', आणि पुढचं खातं म्हणतं 'मला याची किंमत माहीत नाही'. आकार ओळखणं आणि अर्थ कळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे इथे अगदी उघडं पडतं.

अक्षरांकडून राशींकडे

आतापर्यंत साचा अक्षरांच्या ओळीवर लावला. पण वैज्ञानिकाला अक्षरांपेक्षा राशी, समीकरणं, आकृत्या, रेणू यांच्याशी जास्त काम असतं. त्यांना ओळ नसते, रचना असते. २ × (क्ष + ०) ही राशी पाहा. आपण ती डावीकडून उजवीकडे लिहिली, तरी आत ती फांद्यांच्या झाडासारखी आहे. वर गुणाकार. त्याला दोन फांद्या: एकीवर २, दुसरीवर बेरीज. त्या बेरजेला पुन्हा दोन फांद्या: क्ष आणि ०. अशा झाडावर साचा लावायचा असेल तर तोही झाडाच्याच आकाराचा हवा:

बेरीज(क्ष, ०) => क्ष
गुणाकार(१, क्ष) => क्ष
गुणाकार(०, _) => ०
_ => आहे तसं राहू दे

डावीकडे साचा, उजवीकडे तो जुळला तर काय करायचं ते. खालची रेघ (_) म्हणजे 'इथे काहीही चालेल'. संगणक वरून खाली एकेक ओळ लावून पाहतो आणि पहिली जुळेल तिथे थांबतो. आतल्या बेरजेला पहिली ओळ जुळते, (क्ष + ०) चा क्ष होतो आणि राशी २ × क्ष उरते. आठवीतलं मूल वहीत जे करतं तेच हे.

असे रचनेचे साचे रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरामध्ये घडवलेल्या 'एमएल' या भाषेच्या घराण्यात रुळले. तिथे ते भाषेच्या अंगातच आहेत. पायथन या लोकप्रिय भाषेत ते बऱ्याच उशिरा, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आले. त्यासाठी भाषेच्या व्याकरणात नवं वाक्य घालावं लागलं आणि त्यावर वादही झाले. ज्यूलियात वेगळंच घडलं. तिच्या मूळ व्याकरणात ही सोय नाही, तरी वापरणाऱ्यांनी ती लायब्ररीच्या रूपानं बाहेरून जोडली. 'मॅच' ही अशी एक लायब्ररी, 'एमएलस्टाइल' ही दुसरी.

बाहेरून हे कसं जमलं? त्याचं कारण वरच्या झाडातच आहे. ज्यूलिया स्वतःच्या आज्ञासुद्धा अशाच झाडाच्या रूपात साठवते आणि ते झाड चालण्याआधी बदलण्याची मुभा लायब्ररीला देते. त्यामुळे 'मॅच' आपण लिहिलेल्या साच्यांच्या ओळी वाचते आणि त्यांच्या जागी साध्या जर-तरच्या आज्ञा लिहून ठेवते. तिच्या नव्या आवृत्तीत तर सगळ्या ओळी एकत्र पाहून निर्णयांचा एकच आराखडा तयार होतो. 'हा गुणाकार आहे का?' असा प्रश्न तीन ओळींत तीनदा विचारावा लागत नाही. एकदा विचारून त्याचं उत्तर तिन्हीकडे वापरलं जातं. जीवशास्त्रात वनस्पती ओळखण्याची कळसूची असते ना, पानं समोरासमोर की एकाआड एक, मग पुढचा प्रश्न. त्याच धर्तीचं हे काम.

बीजगणितासाठी ज्यूलियात 'सिम्बॉलिकयुटिल्स' नावाची आणखी एक लायब्ररी आहे. तिच्यात नित्यसमानता जशाच्या तशा नियम म्हणून लिहिता येतात. साच्यात एकच नाव दोनदा आलं, उदाहरणार्थ 'क्ष + क्ष => २ × क्ष', तर दोन्ही जागी तीच राशी असली पाहिजे, नाहीतर नियम लागत नाही. आणखी एक अडचण तिनं सोडवली आहे. आपल्याला अ + ब आणि ब + अ एकच. साच्याला मात्र डावं-उजवं वेगळं दिसतं. म्हणून जिथे क्रम बदलला तरी चालतं अशा नियमांसाठी तिच्यात वेगळा प्रकार आहे. तो क्रम बदलून बदलूनही लावून पाहतो. क्रमनिरपेक्षता हा गुणधर्म मुलांना पाठ असतो, पण तो नसता तर काय झालं असतं हे त्यांनी क्वचितच पाहिलेलं असतं. इथे ते दिसतं.

साचा जुळतो, नियम चुकतो

आता आपल्या वर्गात येऊ. (अब)² = अ²ब² हे मुलांनी शिकलेलं असतं. थोड्याच दिवसांत कुणीतरी (अ + ब)² = अ² + ब² असं लिहितं. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण नीट पाहिलं तर मुलानं साचाच जुळवलेला आहे: कंसात दोन गोष्टी, बाहेर घात, घात आत वाटून द्यायचा. त्याच्या साच्यात मधली खूण 'काहीही चालेल' अशी राहून गेली, तिथे 'गुणाकारच हवा' असं लिहिलेलं नव्हतं. म्हणजे चूक लक्षाची नाही, साचा फार सैल असल्याची आहे. असं पाहिलं तर उपायही सुचतो. सूत्र दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा, हे कुठे लागतं आणि कुठे नाही, अशी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. अ = ३, ब = ४ घेतलं की एका बाजूला ४९ आणि दुसऱ्या बाजूला २५ येतात; साचा सैल असल्याचं मुलाला स्वतःलाच दिसतं.

दुसरं उदाहरण: √(क्ष²) => क्ष. दिसायला निर्दोष. क्ष = −३ घेतलं तर क्ष² = ९, आणि √९ = ३; उत्तर −३ नाही. नियम खरा आहे, पण क्ष शून्य किंवा धन असेल तरच. पायथनमधली 'सिम्पाय' ही बीजगणिताची लायब्ररी म्हणूनच क्ष धन आहे असं सांगितल्याशिवाय हे रूपांतर करत नाही. ज्यूलियाच्या लायब्रऱ्यांतही साच्याला अट जोडता येते: 'क्ष ≥ ० असेल तर'.

पण यंत्रंही सगळीकडे इतकी काटेकोर नसतात. क्ष/क्ष चं १ करणं बीजगणिताच्या बहुतेक संगणक-प्रणाली बिनदिक्कत करतात. क्ष = ० असेल तर या भागाकाराला अर्थच नाही. '१ = २' सिद्ध करून दाखवणारी जी कोडी मुलांना आवडतात, त्यांच्या पोटात बहुधा हाच एक चुकार भागाकार दडलेला असतो. आमच्या यादीतली 'गुणाकार(०, _) => ०' ही ओळ पुन्हा पाहा. 'काहीही चालेल' च्या जागी १ ÷ (क्ष − क्ष) आलं तर? ती राशी निरर्थक आहे, पण साचा आत डोकावत नाही. खुशाल ० लिहून मोकळा होतो.

आणखी एक प्रकार म्हणजे राहून गेलेली ओळ. साच्यांच्या यादीत एखादा प्रकार लिहायचाच राहिला तर काय होतं? एमएलच्या घराण्यातल्या भाषांमध्ये सगळे प्रकार आधी जाहीर करावे लागतात, त्यामुळे 'हा प्रकार तुम्ही विसरलात' असं यंत्र आधीच सांगू शकतं. ज्यूलियात कुणीही केव्हाही नवा प्रकार जोडू शकतो, म्हणून यादी पूर्ण आहे की नाही हे आधी ठरवता येत नाही. 'मॅच' मध्ये एकही ओळ जुळली नाही तर काम थांबतं आणि चूक जाहीर होते. हे ऐकायला वाईट वाटतं, पण गुपचूप चुकीचं उत्तर देण्यापेक्षा बरं. म्हणूनच शेवटी 'काहीही चालेल' ची ओळ घालताना विचार करावा. ती घातली की तक्रारी बंद होतात, आणि विसरलेला प्रकार कळण्याची वाटही बंद होते.

वीस कोटी वेळा

साचा बरोबर आहे, अर्थही बरोबर आहे, तरी एक धोका उरतो: जुळवून पाहण्याची किंमत.

२० जुलै २०१६ रोजी 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे संगणक व्यावसायिकांचं प्रश्नोत्तरांचं प्रसिद्ध संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. कारण एक साधा साचा. ओळीच्या शेवटी उरलेल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, हे त्याचं एक काम: 'एक किंवा अधिक मोकळ्या जागा, आणि लगेच ओळीचा शेवट'. त्या दिवशी कुणाच्या तरी मजकुरात एका ओळीत सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या. पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. त्यांच्यापुढे आणखी अक्षर होतं.

यंत्रानं काय केलं? पहिल्या मोकळ्या जागेपासून सुरुवात केली, २०,००० जागा ओलांडल्या आणि पाहिलं तर शेवट नाही. मग दुसऱ्या जागेपासून सुरुवात: १९,९९९. तिसऱ्यापासून १९,९९८. असं करत एकापर्यंत. म्हणजे १ ते २०,००० या संख्यांची बेरीज. सूत्र आपल्याला माहीत आहे: न(न + १)/२.

३ जागा: ६ तपासण्या
१० जागा: ५५
१०० जागा: ५,०५०
२०,००० जागा: २०,००,१०,०००

वीस कोटी! तो मजकूर नेमका मुखपृष्ठावर दिसत होता. मुखपृष्ठ वेळेत उघडतं की नाही यावरून सर्व्हर धडधाकट आहे की नाही हे ठरवलं जात होतं, त्यामुळे एकेक करून सगळेच सर्व्हर बाद ठरले. उपाय काय केला? साचा काढून टाकला आणि साधी आज्ञा लिहिली. माणसाला कुणी सांगितलं असतं तर त्यानं ओळीच्या शेवटाकडून मागे पाहिलं असतं आणि पहिल्याच अक्षरापाशी काम संपलं असतं.

थॉम्प्सनच्या १९६८ च्या रीतीत असं होत नाही. ती एकेक वाट धरून मागे फिरत नाही. सगळ्या शक्य वाटा एकाच वेळी हाताशी ठेवून मजकुरावरून एकदाच पुढे जाते. मग सगळेच ती का वापरत नाहीत? कारण हेझल यांच्यासारख्या लायब्रऱ्यांनी साच्यांना जास्त ताकद दिली. 'आधी जो शब्द जुळला तोच पुन्हा यावा' असंही त्यांत सांगता येतं, आणि चुकून दोनदा टंकलेला शब्द शोधायला ते फार उपयोगी पडतं. अशा साच्यांसाठी मागे फिरून नवी वाट धरावीच लागते. ज्यूलिया याच जातीचं यंत्र वापरते, फक्त प्रयत्नांची एक मर्यादा ओलांडली की ते शोध सोडून देतं. जास्त ताकद हवी तर ती कुठे उलटेल हेही माहीत हवं.

वर्गात काय करता येईल?

संगणक नसला तरी चालेल. तीन उपक्रम सुचवतो.

पहिला, पिन कोडचा. सहावी-सातवीच्या मुलांना सांगा, महाराष्ट्रातल्या पिन कोडचा साचा लिहा. आपापले, नातेवाइकांचे पत्ते गोळा केले की लक्षात येतं: सहा अंक, पहिला ४, दुसरा ० ते ४ पैकी. साचा होतो ४[०-४][०-९][०-९][०-९][०-९]. मुलं खूश झाली की फळ्यावर ४०३००१ लिहा. साच्यात बसतो! पण हा पणजीचा पिन कोड आहे, गोव्याचा. आता साचा कसा दुरुस्त कराल? आणि ४४९९९९ साच्यात बसतो म्हणून त्या नावाचं टपाल कार्यालय असेलच का? हे साच्यावरून कधीच कळणार नाही; टपाल खात्याची यादीच पाहावी लागेल.

दुसरा, सूत्रांच्या चिठ्ठ्यांचा. एका गठ्ठ्यात नियम, दुसऱ्यात राशी. मुलांनी जोड्या लावायच्या, पण प्रत्येक जोडीबरोबर एक प्रश्न सोडवायचा: हा नियम कोणत्या संख्येला लागणार नाही? √(क्ष²) आणि क्ष/क्ष यांच्या चिठ्ठ्या त्यात नक्की ठेवा.

तिसरा, काडेपेटीच्या काड्यांचा. चार काड्या ओळीत ठेवून त्यांचे गट किती प्रकारे पडतील? ४, ३+१, १+३, २+२, २+१+१, १+२+१, १+१+२, १+१+१+१, एकूण ८. पाच काड्यांचे १६, सहांचे ३२. दर काडीला दुप्पट. 'गटांचा गट' असा साचा लिहिला, तर न जुळणाऱ्या मजकुरावर मागे फिरणारं यंत्र याच सगळ्या वाटा धुंडाळण्याची शक्यता असते. तीस काड्यांचे प्रकार ५३ कोटींच्या वर जातात. दोनच्या घातांकांचा वेग मुलांना कळायला याहून स्वस्त साधन नाही.

पुन्हा ३१ फेब्रुवारी

त्या जन्मतारखेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. साचा आम्ही तसाच ठेवला, पण सुटे केलेले दिवस, महिना, वर्ष आता ज्यूलियाच्या तारखांच्या लायब्ररीकडे दिले. तिला कॅलेंडर येतं. २०१३ च्या फेब्रुवारीत २८ च दिवस, हे सांगून तिनं ती नोंद परत केली. तशाच आणखी चार नोंदी निघाल्या.

पण ५/६ म्हणजे ५ जून की ६ मे? दोन्ही तारखा कॅलेंडरात आहेत. तिथे साचाही गप्प आणि कॅलेंडरही गप्प. बाई उठल्या, कपाटातून प्रवेशाचं जुनं रजिस्टर काढलं आणि त्या मुलीच्या नावापुढे बोट ठेवलं. १३ फेब्रुवारी. टंकताना अंकांची अदलाबदल झाली होती. मग उरलेल्या संशयित तारखाही आम्ही रजिस्टरावरूनच तपासल्या. अख्खी दुपार गेली.

दाखल्यावरची जन्मतारीख मुलाला आयुष्यभर पुरते, आणि नंतर ती बदलून घेणं किती जिकिरीचं असतं हे शिक्षकांइतकं कुणालाच माहीत नसेल. नोंद साच्यात बसते का, तिला अर्थ आहे का आणि ती खरी आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्र क्षणात देतं, दुसऱ्याचं नीट शिकवलं तर देतं. तिसऱ्यासाठी रजिस्टर उघडावं लागतं.